नवी लेन्स की दुसरी बॉडी? आधी शब्द कुणाला दिलाय ते बघा

(हे या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढलीय आणि आकडेमोड नीट मांडलीय. बाकी बोलणं होतं तसंच ठेवलंय.)



कॅमेऱ्याचा विषय निघाला की एक प्रश्न फिरून फिरून येतोच. "दादा, पन्नास-साठ हजार साठलेत. कॅमेरा एकच आहे. चांगली लेन्स घेऊ, की दुसरी बॉडी घेऊन ठेवू?" विचारणारा बहुतेक वेळा बावीस-पंचवीस वर्षांचा असतो. आधी मित्रांचे फोटो काढले, मग एका मित्राच्या बहिणीचं लग्न केलं, मग तिथून चार ऑर्डरी आल्या. हे पैसे घामाचे असतात. एकदा खर्च झाले की पुढचं वर्षभर तेवढी रक्कम पुन्हा हातात येत नाही. म्हणून आज जरा निवांत बोलू.

उत्तर आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या मते सगळा निर्णय एकाच प्रश्नावर येऊन थांबतो. काम चालू असताना तुमचा कॅमेरा बंद पडला, तर नुकसान कुणाचं होणार? फक्त तुमचं होणार असेल, तर बिनधास्त लेन्स घ्या. पण नुकसान दुसऱ्याचं होणार असेल, आणि तो प्रसंग परत घडणार नसेल, तर आधी दुसऱ्या बॉडीची सोय करा. मी "सोय करा" म्हणतोय हं, "विकत घ्या" म्हणत नाहीये. या दोन्हींत बराच फरक आहे, त्यावर पुढे येतो.

लेन्स नक्की काय देते?

लेन्सची बाजू आधी घेऊ, कारण तिचा फायदा डोळ्याला दिसतो.

कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स बहुतेकांकडे असते. १८-५५, एफ ३.५ ते ५.६. म्हणजे झूम करून ५५ वर गेलात की लेन्सचं तोंड जास्तीत जास्त ५.६ पर्यंतच उघडतं. आता तिच्या जागी ५० एमएम, एफ १.८ लावली तर? ५.६ ला १.८ ने भागा आणि येणाऱ्या आकड्याचा वर्ग करा. उत्तर येतं साधारण ९.७. म्हणजे जवळपास दहापट प्रकाश आत येतो.

दहापट म्हणजे प्रत्यक्षात काय? मंगल कार्यालयात ट्यूबलाइटच्या उजेडात किट लेन्सवर तुम्हाला आयएसओ ६४०० लागत असेल, तर तोच फोटो आता ६४० च्या आसपास निघतो. किंवा आयएसओ तोच ठेवा आणि शटर १/२५ वरून १/२५० वर न्या. १/२५ ला नवरीनं मान वळवली की चेहरा हलतो. १/२५० ला हलत नाही. एवढी साधी गोष्ट आहे.

पण जाहिरातीत न सांगितलेल्या दोन गोष्टीही ऐका. एक, १.८ वर फोकसची खोली फार कमी असते. नवरा-नवरी पुढे-मागे उभे असतील तर एकाचे डोळे शार्प येतात आणि दुसऱ्याचे गेलेले असतात. घरच्यांना ते "कॅन्डिड" वाटत नाही, "फोटो गेला" असंच वाटतं. दोन, क्रॉप सेन्सरवर ५० एमएम ही जवळजवळ ७५ ते ८० एमएमसारखी वागते. हॉलच्या छोट्या खोलीत, जिथं नवरी तयार होत असते, तिथं मागे सरकायला जागाच उरत नाही. म्हणजे ही लेन्स किट लेन्सच्या जोडीला छान, पण तिची जागा घेत नाही.

लेन्सच्या बाजूनं अजून एक मुद्दा आहे, किमतीचा. बॉडीची किंमत पटापट उतरते, कारण दर दोन-चार वर्षांनी नवं मॉडेल येतं. चांगली जपलेली लेन्स त्यामानानं किंमत टिकवून ठेवते. म्हणून "पैसे लेन्समध्ये घाल" हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. सल्ला चुकीचा नाही. फक्त तो देणारा माणूस गृहीत धरतो की तुमचा कॅमेरा चालू आहे.

दुसरी बॉडी काय देते?

दुसऱ्या बॉडीनं तुमचा एकही फोटो सुंदर होत नाही. म्हणूनच तिच्यावर पैसे घालायला जीवावर येतं. बॅगेत पडून राहते, आणि आपण म्हणतो, "उगाच घेतली."

पण लग्न कसं चालतं ते आठवा. मंगलाष्टका संपत येतात, शेवटचं "सावधान" होतं, अंतरपाट बाजूला होतो, अक्षता उडतात आणि दोघं एकमेकांना हार घालतात. हे सगळं किती वेळात होतं? अर्ध्या-एक मिनिटात. त्या मिनिटाला स्क्रीनवर एरर आला, तर भटजींना "परत एकदा घ्या" म्हणता येत नाही. हार पुन्हा घालून फोटो काढता येतो, पण पाठवणीच्या वेळी वडिलांच्या चेहऱ्यावर जे असतं, ते पुन्हा आणता येत नाही.

आणि बॉडी बंद पडते, त्यात जगावेगळं काही नाही. तिच्यात हलणारे भाग असतात. कंपन्या शटरची चाचणी घेऊन एक आकडा देतात. कॅनन ५डी मार्क ४ साठी तो १,५०,००० आहे, निकॉन डी७५० साठीही १,५०,०००, आणि डी८५० साठी २,००,०००. ही काही एक्सपायरी डेट नव्हे. काही शटर याच्या खूप पुढे जातात, काही आधीच थांबतात. पण हिशेब करून बघा. समजा एका लग्नात अडीच हजार क्लिक झाले आणि वर्षात तीस कामं झाली, तर वर्षाला ७५,००० क्लिक. दीड लाखाचा आकडा दोन वर्षांत गाठला. आणि तुम्ही जुनी बॉडी घेतली असेल, तर तिनं आधीच्या मालकाकडे किती लग्नं बघितलीत देव जाणे.

शटर सोडा. कार्डच्या खाचेतली पिन वाकते, हळदीचं पाणी आत जातं, गर्दीत कुणाचा तरी धक्का लागतो आणि ट्रायपॉड आडवा होतो. यातल्या कशातही तुमच्या कौशल्याचा संबंध नाही.

बरं, पैसे घेतल्यावर गोष्ट नुसत्या हौसेची राहत नाही. बयाणा घेतला म्हणजे शब्द दिला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ पैसे घेऊन दिलेल्या सेवेलाही लागू होतो, आणि फोटोग्राफी ही तशीच सेवा आहे. पण कोर्टकचेरी लांबची गोष्ट. तालुक्याच्या गावात खरा दंड वेगळाच असतो. "त्याचा कॅमेरा लग्नात बंद पडला होता" हे एक वाक्य पुढच्या दहा ऑर्डरी खातं.

तिथीचा घोळ

आता मघाची गोष्ट. "सोय करा" आणि "विकत घ्या" यात फरक आहे म्हणालो ना?

साधा विचार असा असतो: विकत कशाला घ्यायची? मित्राकडे बॉडी आहे, लागली तर मागून आणू. नाहीतर भाड्यानं मिळते. नाहीतर सर्व्हिस सेंटरला टाकू, चार दिवसांत दुरुस्त होईल.

हा विचार एरवी बरोबर आहे. पण आपल्याकडची लग्नं वर्षभर सारखी पसरलेली नसतात. तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू होतो आणि चातुर्मास लागला की बहुतेक थांबतो. त्या सीझनमध्येही सगळी गर्दी ठरावीक तिथींवर. मोठी तिथी असली की एका तालुक्यातली सगळी कार्यालयं, सगळे बँडवाले, सगळे आचारी, आणि सगळे फोटोग्राफर एकाच दिवशी बांधलेले असतात.

म्हणजे ज्या दिवशी तुम्हाला मित्राची बॉडी लागणार, त्याच दिवशी मित्रालाही ती लागणार. भाड्याच्या दुकानातलं सामान त्याच दिवसासाठी आधीच गेलेलं असणार. आणि सर्व्हिस सेंटरमध्ये बॉडी टाकली तर मधल्या काळात अजून दोन तिथी येऊन जाणार. अडचण आणि उपाय एकाच दिवशी एकाच रांगेत उभे. गंमत वाटते ऐकायला, पण खरा पेच इथेच आहे.

यातून तीन गोष्टी निघतात.

पहिली. भाड्यानं आणायची तर अडल्यावर धावायचं नाही. ऑर्डरचा बयाणा घेतला की त्याच आठवड्यात त्या तारखेची बॉडी बुक करायची आणि तिचं भाडं तुमच्या कोटेशनमध्ये धरायचं. समजा दिवसाला १,५०० रुपये भाडं पडलं आणि सीझनमध्ये तुमची सहा कामं आहेत, तर ९,००० होतात. एवढ्यासाठी बॉडी विकत घ्यायची गरज नाही. पण कामं वीस असतील तर ३०,००० झाले. मग सेकंडहँड बॉडी विकत घेणंच शहाणपणाचं. तुमच्या गावातला दर टाकून हा हिशेब स्वतः करा.

दुसरी. मित्राशी बोलायचं तर मोघम "लागली तर देशील ना" असं नाही. तारीख सांगून बोला. त्या तिथीला त्याचं काम नाही हे पक्कं झालं, तरच ती बॉडी मोजायची. बदल्यात त्याच्या तारखेला तुमची. हा व्यवहार दोघांच्या फायद्याचा आहे आणि यात पैसे लागत नाहीत.

तिसरी. मुख्य बॉडीची साफसफाई आणि दुरुस्ती चातुर्मासात उरकून घ्या. सीझनच्या मध्यात बॉडी स्वतःहून सर्व्हिसिंगला द्यायची नाही.

भंडारा, गुलाल आणि पाऊस

दुसऱ्या बॉडीचा अजून एक उपयोग आहे. यात ती पडून राहत नाही, रोज राबते.

जेजुरीला सोमवती अमावस्येला पालखी निघते तेव्हा हवेत भंडारा इतका असतो की समोरचा माणूस पिवळा दिसतो. ज्योतिबाच्या चैत्र यात्रेत तीच गत गुलालाची. गणपती विसर्जनातही तेच. अशा ठिकाणी लेन्स बदलायला बॉडी उघडली, की ती पूड थेट सेन्सरवर. मग पुढच्या प्रत्येक फोटोत ठिपके. आषाढी वारीत पाऊस असतो, तिथंही रस्त्यात लेन्स बदलता येत नाही.

इथं नवी लेन्स घेऊन काही उपयोग होत नाही, कारण ती लावणार कुठे? दोन बॉड्या हव्यात. एकीवर रुंद लेन्स, दुसरीवर लांबची, आणि दिवसभर एकही लेन्स काढायची नाही. लग्नातही तेच: एका खांद्यावर ३५, दुसऱ्या खांद्यावर ८५. अंतरपाट बाजूला होताना लेन्स बदलत बसलेल्या माणसाला फोटो मिळत नाही.

फक्त एक काळजी घ्या. दोन्ही बॉड्यांची घड्याळं सकाळी एकसारखी लावा, सेकंदापर्यंत. नाहीतर अल्बमसाठी फोटो क्रमानं लावताना पाठवणी आधी आणि सप्तपदी नंतर येते. आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या बॉड्या असतील तर त्वचेचा रंग जुळवण्यात तुमची रात्र जाते.

बॅकअप म्हणजे फक्त बॉडी नाही

इथे जरा थांबा, कारण इथे बरेच जण फसतात.

समजा तुम्ही दुसरी बॉडी घेतली, पण लेन्स एकच आहे. ती पडली. आता तुमच्याकडे दोन बॉड्या आहेत आणि एकही फोटो निघत नाही. कॅननवर "एर ०१" दिसला तर तो बॉडी आणि लेन्स यांचा संपर्क तुटल्याचा इशारा असतो. आधी लेन्सवरचे सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या स्वच्छ कापडानं पुसून बघा, बऱ्याचदा काम होतं. नाही झालं तर मात्र दुसरी लेन्सच हवी.

म्हणून सगळी साखळी मोजा. बॉडी, लेन्स, फ्लॅश, कार्ड, बॅटरी, चार्जर. यातलं काय एकच आहे? जे एकच आहे तो कच्चा दुवा. आणि दुरुस्ती सगळ्यात स्वस्त दुव्यापासून सुरू करा. दुसरी बॅटरी, दोन जास्तीची चांगली कार्डं, सेल, एक साधा फ्लॅश. बॉडी किंवा लेन्सच्या किमतीपुढे हे किरकोळ आहे, पण काम अडण्याची निम्मी कारणं इथेच संपतात.

दोन कार्डांच्या खाचा असलेला कॅमेरा असेल तर दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहायची सेटिंग चालू ठेवा. कार्ड खराब झालं तरी फोटो दुसऱ्यावर असतात. काही लोक म्हणतात, "माझ्यात दोन स्लॉट आहेत, मला बॅकअप लागत नाही." तसं नाही. दोन स्लॉट काढलेले फोटो वाचवतात. अजून न काढलेले फोटो दुसरी बॉडीच वाचवते.

घ्यायचीच तर कोणती?

बॅकअप बॉडी नवी लागत नाही, मुख्य बॉडीइतकी भारीही लागत नाही. तिनं एक दिवस निभावून न्यायचाय. पण चार गोष्टी जुळायलाच हव्यात.

माउंट. तुमच्या लेन्स तिच्यावर बसल्या पाहिजेत, आणि ऑटोफोकससकट. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून नव्या आर सीरिजच्या बॉडीवर नीट चालतात. उलटं होत नाही. आरएफ लेन्स जुन्या डीएसएलआरवर बसतच नाही. म्हणजे मिररलेसवर गेलात आणि सगळ्या लेन्स आरएफ घेतल्यात, तर कपाटातली जुनी डीएसएलआर बॅकअप म्हणून मोजू नका. निकॉनच्या एएफ-एस लेन्स एफटीझेड अडॅप्टरवर ऑटोफोकस करतात, पण जुन्या एएफ-डी लेन्सचा फोकस हातानं करावा लागतो. आणि कॅननची ईएफ-एस लेन्स फुलफ्रेम डीएसएलआरवर बसत नाही, हेही ध्यानात ठेवा.

सेन्सरचा आकार. मुख्य बॉडी फुलफ्रेम आणि बॅकअप क्रॉप असली तरी चालतं. फक्त तुमची २४ एमएम तिथे ३६ ते ३८ एमएमसारखी दिसणार. ग्रुप फोटोला मागे सरकावं लागेल. आधी एकदा करून बघा, लग्नात पहिल्यांदा नको.

बॅटरी. ही गोष्ट बाजारात कुणी सांगत नाही. कॅननच्या एलपी-ई६ कुटुंबातल्या बॅटऱ्या ५डी मार्क ३, ६डी, ८०डी पासून आर६ पर्यंत चालतात. पण आर८ ला एलपी-ई१७ लागते. म्हणजे आर६ ला बॅकअप म्हणून आर८ घेतलीत तर लेन्स जुळतील, बॅटऱ्या आणि चार्जर मात्र वेगळे. सोनीत ए७ ३ ला एनपी-एफझेड१००, तर ए६४०० ला एनपी-एफडब्ल्यू५०. यानं काम अडतं असं नाही, पण बॅगेतलं सामान दुप्पट होतं आणि नेमकी नको ती बॅटरी चार्ज झालेली असते.

कार्डच्या खाचा. निकॉन डी७२०० मध्ये दोन आहेत, त्यानंतर आलेल्या डी७५०० मध्ये एकच. निकॉन झेड५ मध्ये दोन, पहिल्या झेड६ मध्ये एक. कॅनन आर७ मध्ये दोन, आर१० मध्ये एक. नवं मॉडेल म्हणजे दोन खाचा असणारच, असं धरून चालू नका.

सेकंडहँड घेताना

बॉडी असेल तर शटर काउंट बघा. निकॉनचे फोटो काढून कॉम्प्युटरवर टाकले की त्या फाइलच्या माहितीतच आकडा मिळतो. सोनीच्या बऱ्याच मॉडेलमध्येही मिळतो. कॅननला बहुतेक वेळा वेगळं सॉफ्टवेअर लागतं, विकणाऱ्याला समोर दाखवायला सांगा. मग एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो घ्या, सेन्सरवरचे डाग दिसतात. लेन्सचं झाकण लावून एक मोठं एक्स्पोजर घ्या, हॉट पिक्सेल दिसतात. प्रत्येक खाचेत कार्ड घालून फोटो काढा. फ्लॅश लावून बघा.

लेन्स असेल तर मोबाइलची टॉर्च लावा आणि आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवा इतकी ओलसर असते की कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सला ती धरतेच. हीच गोष्ट तुमच्या नव्या लेन्सला आणि बॅगेत निजलेल्या दुसऱ्या बॉडीलाही लागू आहे. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर उत्तमच. आणि बॅकअप बॉडी महिन्यातून एकदा तरी चालवा. न वापरलेली बॉडी ऐन वेळी चालेल, अशी आशा करणं म्हणजे बॅकअप नव्हे.

बिल मागा. नवी वस्तू घेताना भारतातली वॉरंटी आहे का ते विचारा. बाहेरून आलेला माल स्वस्त मिळतो, पण बिघडल्यावर कुणी दारात उभं करत नाही.

आणि मोबाइल?

तुम्ही हे बहुतेक मोबाइलवरच ऐकताय किंवा वाचताय, म्हणून विचारणारच. मोबाइल बॅकअप म्हणून चालेल का?

दिवसा, उघड्यावर, हळदीच्या कार्यक्रमात, थोडा वेळ निभावून न्यायला हो. चांगला फोन तिथे अब्रू राखतो. पण संध्याकाळी लॉनवर, स्टेजपासून लांब उभं राहून, हलणाऱ्या माणसांचे फोटो? तिथे छोटा सेन्सर लगेच उघडा पडतो. तुमचा फ्लॅशही फोनवर चालत नाही. म्हणून मोबाइल ही पाच मिनिटांची सोय. तेवढ्यात मदतनीस गाडीतून दुसरी बॉडी घेऊन आला पाहिजे. ती बॉडी असेल तर.

तीन जण, तीन उत्तरं

आता हे सगळं माणसांवर बसवून बघू. तिघंही काल्पनिक, पण ओळखीचे वाटतील.

एक मुलगी आहे, कॉलेजात शिकते, हिवाळ्यात भिगवणला जाऊन रोहित पक्ष्यांचे फोटो काढते. पैसे कुणाकडून घेत नाही. कॅमेरा बंद पडला तर तिची एक सहल वाया जाईल, वाईट वाटेल, पण दुसऱ्या कुणाचं काही जाणार नाही. तिच्याकडे ५५ पर्यंतची किट लेन्स आहे, पक्षी मात्र लांब. तिनं डोळे झाकून लेन्स घ्यावी. ताडोबासारखी वर्षातून एखादी मोठी सफर असेल, तर त्या तीन दिवसांपुरती अजून लांबची लेन्स भाड्यानं घ्यावी.

दुसरा मुलगा लग्नं करतो, पण दुसऱ्याच्या हाताखाली. सेकंड शूटर म्हणून. मुख्य जबाबदारी मोठ्या फोटोग्राफरची. याचा कॅमेरा थांबला तर काम कमी होईल, पण लग्न सुटणार नाही. यानं आधी ५० किंवा ३५ ची एफ १.८ घ्यावी, काम सुधारावं, आणि उरलेले पैसे बाजूला ठेवावेत. स्वतःच्या नावावर पहिला बयाणा घेईल, तेव्हा ते पैसे लागणार आहेत.

तिसरा स्वतःच्या नावावर सीझनला पंधरा-वीस लग्नं घेतो, एकाच बॉडीवर. त्याला ७०-२०० हवीये. ती घेतली की फोटो खरंच सुधारतील, यात वाद नाही. पण त्यानं आधी सेकंडहँड बॉडी घ्यावी, तीच माउंट, जमलं तर तीच बॅटरी. ७०-२०० या सीझनला मोठ्या कामांपुरती भाड्यानं आणावी आणि पुढच्या चातुर्मासाच्या आधी, हातात पैसे आल्यावर, विकत घ्यावी. लेन्सला उशीर झाला तर फोटो थोडे कमी सुंदर येतात. बॉडीला उशीर झाला तर एखाद्या घरात त्या दिवसाचे फोटोच राहत नाहीत.

आणि एक शेवटचं, हप्त्यांबद्दल. दुकानात "दोन्ही घ्या, ईएमआय करून देतो" म्हणतात. हप्ता दर महिन्याला असतो, आपल्या धंद्यात पैसा दर महिन्याला नसतो. चातुर्मासाच्या चार महिन्यांत हप्ता कुठून भरणार, याचं उत्तर कागदावर लिहिता आलं तरच सही करा.

तर मंडळी, आज एवढं करा. बॅग उघडा, सगळं सामान चादरीवर मांडा. जे एकच आहे ते बाजूला काढा. मग वही घ्या आणि येत्या सीझनच्या तारखा लिहा, प्रत्येक तारखेपुढे लिहा की त्या दिवशी कॅमेरा थांबला तर दुसरा कुठून येईल. ज्या तारखेपुढची जागा कोरी राहील, तुमचे पैसे आधी तिथे जायला हवेत. सगळ्या जागा भरल्या? मग जा, लेन्स घ्या, आणि मनसोक्त वापरा.

तुमच्या गावात भाड्याचा दर काय आहे, आणि तिथीच्या दिवशी सामान मिळतं का, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर, बॅटऱ्या चार्जिंगला लावा!